आघाडीवरचा सोलापूरकर शल्यविशारद

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव मराठी माणसाला ठाऊक असते ते बहुधा व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' या चित्रपटामुळे, किंवा भारत-चीन मैत्रीच्या भाषणांतून. पुतळे, टपाल तिकिटे, पाहुण्यांच्या भेटी यांत त्यांची स्मृती जपली गेली. पण डॉक्टर म्हणून त्यांनी नेमके काय केले, याची चर्चा कमी होते. प्रतिजैविके नव्हती, क्ष-किरण यंत्र क्वचितच मिळे आणि रुग्णालयच दर काही आठवड्यांनी खेचरांवर लादून हलवावे लागे, अशा डोंगराळ मुलखात जखमी सैनिक वाचवायचे कसे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी ते गेले. आज सहसा आटोक्यात ठेवता येणाऱ्या आजाराने त्यांचा बळी घेतला.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडे बरीच. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली आणि ते पुढच्या शिक्षणाच्या तयारीला लागले. कापड गिरण्यांच्या त्या गावात तरुण डॉक्टरला व्यवसायात जम बसवणे अवघड नव्हते. घरच्यांची अपेक्षाही तशीच असणार.

त्याच सुमारास, जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण सुरू केले. शहरामागून शहर पडत गेले. चीनकडे सैनिक पुष्कळ होते, पण प्रशिक्षित डॉक्टर अत्यंत कमी. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी जमवला गेला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. स्पेनच्या यादवी युद्धात काम केलेले अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल हे पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी हे इतर सदस्य. पाचवे होते २७ वर्षांचे कोटणीस. पाचांपैकी दोघे महाराष्ट्राच्या आजच्या नकाशातले, एक विदर्भातला आणि एक सोलापूरचा. भारत स्वतः पारतंत्र्यात असताना दुसऱ्या देशाला डॉक्टर पाठवत होता, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून जहाजाने निघाले आणि हाँगकाँगमार्गे कॅन्टनला पोहोचले. तिथे सुन यत्सेन यांच्या पत्नी सुंग चिंग लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पुढे हांकौ येथील रुग्णालयांत काम सुरू झाले. पण ऑक्टोबर संपता संपता ते शहर जपान्यांच्या हाती पडले आणि डॉक्टरांना यांगत्से नदीच्या वरच्या अंगाला, प्रथम यीचांग आणि मग चोंगकिंगला हलावे लागले. चोंगकिंगमध्ये पथकातील डॉक्टरांना चिनी नावे मिळाली. प्रत्येक नावाच्या शेवटी 'ह्वा' हे अक्षर जोडले होते. त्याचा अर्थ चीन. कोटणीस झाले 'के दी ह्वा'. याच मुक्कामात त्यांना सोलापुरात वडील वारल्याची बातमी मिळाली. परत जाण्याची मुभा होती. ते परतले नाहीत. सहकाऱ्यांबरोबर ते वायव्येकडे निघाले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले.

येनान हा पिवळ्या मातीच्या टेकड्यांचा मुलूख. या टेकड्यांत कोरलेल्या गुहांमध्ये माणसे राहत आणि रुग्णालयेही गुहांतच चालत. बॉम्बफेकीपासून आडोसा मिळे, हिवाळ्यात ऊब मिळे. पण धूळ, ओल आणि अंधार यांच्याशी रोज झगडावे लागे. डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी १९३९ मध्येच भारतात परतले. उरलेल्या तिघांनी आघाडीवर जाण्याचा आग्रह धरला.

हा आग्रह वैद्यकीयदृष्ट्या का महत्त्वाचा होता, हे समजण्यासाठी युद्धातील जखमेचे शास्त्र थोडे पाहावे लागते. गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा लागलेला माणूस तीन टप्प्यांत मरू शकतो. पहिल्या काही मिनिटांत तो रक्तस्रावाने मरतो. त्यातून वाचला तर पुढच्या काही तासांत आघात, म्हणजे रक्तदाब कोसळून अवयवांना प्राणवायू न मिळणे, हे मृत्यूचे कारण ठरते. त्यातूनही निभावला तर काही दिवसांनी जंतुसंसर्ग त्याला गाठतो. गोळी एकटी शरीरात शिरत नाही. ती कपड्याचे धागे, माती, शेणखतातले जंतू आत ओढून नेते. मेलेल्या स्नायूत प्राणवायू पोहोचत नाही आणि धनुर्वात किंवा वायुकोथ घडवणाऱ्या जंतूंना नेमकी अशीच जागा लागते.

पहिल्या महायुद्धात शल्यविशारदांना एक धडा मिळाला होता. जखम वरवर धुऊन शिवून टाकली, तर आत सडते. ती रुंद उघडावी, मेलेले मांस कापून काढावे, आतली घाण काढावी आणि जखम काही दिवस उघडीच ठेवून नंतर शिवावी. हे काम जितके लवकर, तितका रुग्ण वाचण्याची शक्यता अधिक. जखमी माणूस दोन दिवस डोली किंवा खेचरावर प्रवास करून मागच्या रुग्णालयात पोहोचला, तर कितीही कुशल हात त्याला क्वचितच वाचवू शकत. म्हणून डॉक्टरनेच जखमेजवळ गेले पाहिजे.

उत्तर चीनच्या डोंगरांत हा विचार अमलात आणला होता कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांनी. स्पेनच्या युद्धात त्यांनी फिरते रक्तसंक्रमण पथक चालवले होते. १९३८ मध्ये ते चीनला आले आणि आघाडीच्या अगदी मागे शस्त्रक्रिया करू लागले. भारतीय पथकाला त्यांना भेटायचे होते. पण ती भेट झालीच नाही. एका शस्त्रक्रियेत बेथ्यून यांच्या बोटाला जखम झाली, संसर्ग रक्तात पसरला आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लागला होता, पण औषध म्हणून ते मोठ्या प्रमाणावर मिळू लागले ते १९४३ नंतर. शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या बोटावरचा एक छेद त्या काळी जीवघेणा ठरू शकत होता. कोटणीस पुढे ज्या टेबलापाशी उभे राहिले, तिथला हा धोका त्यांना पूर्ण माहीत होता.

डॉ. अटल आजारपणामुळे १९४० च्या आरंभी मायदेशी निघाले. कोटणीस आणि बसू जपानी पहाऱ्याच्या रेषा ओलांडून शान्शी, चाहार आणि होपे या प्रांतांच्या सीमेवरच्या डोंगराळ प्रदेशात शिरले. पुढे बसूंना येनानला परत बोलावण्यात आले आणि कोटणीस त्या मुलखात एकटेच भारतीय उरले.

१९४० च्या उन्हाळ्याच्या अखेरीस चिनी सेनेने उत्तरेतील रेल्वेमार्गांवर आणि ठाण्यांवर मोठा हल्ला चढवला. इतिहासात तो 'शंभर रेजिमेंटांची मोहीम' म्हणून ओळखला जातो. कोटणीसांचे पथक लढाईच्या इतके जवळ होते, की तोफांचे आवाज शस्त्रक्रियेच्या जागेपर्यंत येत. चिनी नोंदींनुसार या मोहिमेतील एका चकमकीत तेरा दिवसांत सुमारे ८०० जखमी त्यांच्या पथकाकडे आले आणि पाचशेहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. म्हणजे दिवसाला सरासरी चाळीस. एवढ्या गर्दीत सगळ्यांवर एकाच वेळी उपचार होऊ शकत नाहीत. कोणाला आधी घ्यायचे, कोण थोडा वेळ थांबू शकतो, कोणाचा फक्त रक्तस्राव थांबवून पुढे पाठवायचे, ही निवड दर काही मिनिटांनी करावी लागते. आज आपत्कालीन विभागांत आणि अपघातस्थळी तीच पद्धत शिस्तीने वापरली जाते. चूक झाली तर तिची किंमत रुग्ण मोजतो, आणि हे ओझे निवड करणाऱ्याच्या मनावर राहते.

शस्त्रक्रिया एकटा शल्यविशारद करत नाही. भूल देणारा, हत्यारे उकळणारा, नाडी मोजणारा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दिवसरात्र रुग्णापाशी असणारा माणूस नसेल, तर टेबलावर वाचलेला सैनिक खाटेवर दगावतो. उघड्या ठेवलेल्या जखमेची पट्टी वेळच्या वेळी बदलावी लागते, ताप पाहावा लागतो, पाणी पाजावे लागते, कूस बदलावी लागते. मोडलेला पाय नीट बांधून स्थिर ठेवला नाही, तर हलवताना रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. ही शुश्रूषा आहे, आणि युद्धात जीव वाचवण्याचा निम्मा भार तिच्यावर असतो. त्या डोंगरांत शिकलेल्या परिचारिका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. बाकीची कामे शेतकऱ्यांची पंधरा-वीस वर्षांची मुले-मुली करत. त्यांतल्या अनेकांना धड वाचताही येत नव्हते.

या मुलामुलींना शिकवणाऱ्यांत ग्वो चिंगलान होत्या. शान्शी प्रांतात जन्मलेल्या, बीजिंगमध्ये परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या चिंगलान जपानव्याप्त भागातून निघून प्रतिकाराच्या प्रदेशात आल्या होत्या आणि बेथ्यून यांचे नाव दिलेल्या वैद्यकीय शाळेत शुश्रूषा शिकवत होत्या. त्यांना इंग्रजी येत असे. कोटणीसांशी त्यांचा परिचय बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात झाला असे सांगतात. कोटणीसही त्याच शाळेत शल्यशास्त्र शिकवू लागले होते.

शिकवण्यात पहिली अडचण भाषेची होती. दुभाषा मध्ये ठेवून शल्यशास्त्र शिकवता येते, पण रुग्णाला कुठे दुखते ते दुभाष्यामार्फत नीट कळत नाही. कोटणीसांनी चिनी बोलण्याबरोबर लिहिण्या-वाचण्याचाही चिकाटीने अभ्यास केला आणि लवकरच ते चिनी भाषेत व्याख्याने देऊ लागले. विद्यार्थ्यांना हातात धरायला पुस्तक नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःच शल्यशास्त्राची पाठ्यपुस्तके लिहायला घेतली. सामान्य शल्यशास्त्रावरचा भाग त्यांनी पूर्ण केला. अवयवनिहाय शल्यशास्त्राचा दुसरा भाग अखेरपर्यंत चालू होता.

जानेवारी १९४१ मध्ये त्यांची बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून नेमणूक झाली. रुग्णालय म्हटल्यावर डोळ्यांपुढे इमारत येते. तशी इमारत तिथे नव्हती. होपे प्रांतातील तांग परगण्याच्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या घरांतील खालून ऊब देणाऱ्या मातीच्या ओट्यांवर रुग्ण ठेवलेले असत. १९४१ आणि १९४२ ही या प्रदेशाची सर्वांत कठीण वर्षे. जपानी सैन्य मोहिमा काढून गावे जाळत होते, मीठ, कापड आणि औषधे आत येऊ देत नव्हते. हल्ल्याची चाहूल लागली की जखमींना डोलीत घालून डोंगरात न्यायचे, हत्यारे खेचरांवर बांधायची, आणि शत्रू गेल्यावर पुन्हा मांडामांड करायची. पट्ट्या धुऊन, उकळून परत वापरल्या जात. गावातले सुतार पाय बांधायच्या लाकडी पट्ट्या करून देत. मोकळ्या वेळात कोटणीस गावकऱ्यांनाही तपासत. तिथल्या लोकांनी प्रेमाने त्यांना 'काळी आई' हे नाव दिले होते. एका शल्यविशारदाला लोकांनी आईची उपमा द्यावी, यातच त्यांच्या शुश्रूषेची पावती आहे.

१९४१ च्या अखेरीस कोटणीस आणि ग्वो चिंगलान यांनी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव यिनह्वा. 'यिन' म्हणजे भारत आणि 'ह्वा' म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले.

मात्र याच काळात त्यांची प्रकृती ढासळत होती. त्यांना अपस्माराचे झटके येत होते. आपल्याकडे याला फिट, आकडी किंवा फेफरे म्हणतात. मेंदूतील चेतापेशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी एकमेकींशी बोलतात. अपस्मारात या पेशींचा मोठा समूह एकाच वेळी अनियंत्रितपणे संदेश सोडू लागतो. माणूस शुद्ध हरपतो, शरीर ताठ होते, हातपाय झटकू लागतात. जागरण, उपाशीपोटी काम, ताप आणि अतिश्रम यांनी झटक्यांची शक्यता वाढते. कोटणीसांच्या दिनक्रमात यांतले बरेच काही रोजचेच होते. सहकाऱ्यांनी आणि वरिष्ठांनी त्यांना सुरक्षित ठिकाणी जाऊन उपचार घ्यायला सुचवले. पण जखमी आणि विद्यार्थी सोडून जायला ते तयार झाले नाहीत.

त्या काळी अपस्मारावर औषधे नव्हती असे नाही. फेनोबार्बिटल १९१२ पासून वापरात होते आणि फेनिटॉइनचा उपयोग १९३८ मध्ये सिद्ध झाला होता. पण नाकेबंदीतल्या डोंगरात अशी औषधे नियमित मिळणे कठीण होते, आणि अपस्मारात औषधाचा नियमितपणा हाच उपचाराचा कणा असतो. एक झटका सहसा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. झटका थांबलाच नाही, किंवा मध्ये शुद्धीवर न येता एकामागून एक झटके येत राहिले, तर श्वास आणि हृदय यांवर ताण पडून जीव जाऊ शकतो.

८ डिसेंबर १९४२ च्या रात्री तसेच झाले. संध्याकाळी ते पाठ्यपुस्तकाचे काम करत होते. रात्री झटके सुरू झाले आणि पुन्हा पुन्हा येत राहिले. जवळच्या सहकाऱ्यांनी शक्य ते सर्व केले. ९ डिसेंबरच्या पहाटे गेगोंग गावात त्यांची प्राणज्योत मालवली. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. चीनमध्ये त्यांना येऊन चार वर्षे आणि तीन महिने झाले होते.

पथकातील शेवटचे सदस्य डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. पुढे त्यांनी चीनची ॲक्युपंक्चर पद्धत शिकून भारतात तिचा प्रसार केला. ग्वो चिंगलान यांनी उरलेले आयुष्य चीनमध्ये काढले, अनेकदा भारतात येऊन सासरच्या माणसांशी नाते जपले आणि २०१२ मध्ये ९६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. यिनह्वा वडिलांप्रमाणे डॉक्टर व्हायला निघाला होता. मात्र वैद्यकीय शिक्षण चालू असतानाच १९६७ मध्ये, पंचविशी गाठण्याआधी तोही गेला. बेथ्यून शांतता रुग्णालय आज शिजियाझ्वांग शहरात मोठे रुग्णालय म्हणून उभे आहे. त्याच शहरात हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी आहे. सोलापुरातील त्यांच्या घरी महापालिकेने स्मारक उभारले आहे.

युद्धातल्या डॉक्टरच्या कामाचे मोजमाप शस्त्रक्रियांच्या आकड्याने होते, पण कोटणीसांच्या बाबतीत तो आकडा अपुरा पडतो. ते गेल्यावरही जखमी येतच राहिले, आणि त्यांना तपासणारे, पट्ट्या बदलणारे, भूल देणारे तरुण हात कोटणीस आणि चिंगलान यांच्या वर्गांत तयार झालेले होते.

त्यांच्या मृत्यूमागचा आजार मात्र आजही आपल्या अवतीभोवती आहे. अपस्मार असलेल्या बहुसंख्य रुग्णांचे झटके नियमित औषधांनी आटोक्यात राहतात. तरीही लोकलाजेमुळे तो लपवला जातो, लग्नाच्या वेळी दडवला जातो किंवा दोन महिने झटका आला नाही म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या जातात. कोणाला फिट आली तर त्याला हळूच कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा काहीही उपयोग नसतो. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरा आला, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. गेगोंगच्या त्या रात्री कोटणीसांच्या उशाशी जाणकार माणसे होती. झटके थांबवणारे आजच्यासारखे इंजेक्शन नव्हते. आज ते आपल्या जिल्हा रुग्णालयात मिळते.